सौम्य दम्यासाठी काय निवडावे: साल्ब्युटामॉल, जोड-पंप की रोजची गोळी?

आठवड्यातून एखाद-दोनदा छातीत घरघर होते, महिन्यातून एखाद्या रात्री खोकल्याने जाग येते, एरवी जिना चढतानाही काही जाणवत नाही, अशा सौम्य दम्याच्या प्रौढ रुग्णापुढे साधारण तीन पर्याय येतात. पहिला नुसत्या साल्ब्युटामॉलचा पंप, जो बहुतेकांना अस्थालिन या नावाने ठाऊक असतो. दुसरा फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड ही दोन औषधे एकत्र असलेला जोड-पंप, उदाहरणार्थ फोराकॉर्ट. तिसरा पर्याय म्हणजे रात्री घ्यायची मॉन्टेलुकास्टची गोळी, जी आपल्याकडे बहुधा लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीवरील औषधाच्या जोडीनेच लिहून दिली जाते. चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी, परंतु यांतला फरक ठाऊक असेल तर त्या चिठ्ठीबद्दल योग्य प्रश्न विचारता येतात.

दम्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. धूळ, बुरशी किंवा परागकण यांमुळे श्वासनलिकेतील मास्ट पेशी (ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशी) उत्तेजित झाल्या की त्यांतून हिस्टामाइन, प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ल्युकोट्राईन ही रसायने बाहेर पडतात आणि नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात. त्याच वेळी नलिकेच्या अस्तराला सूज येते, चिकट कफ साठतो आणि हा दाह त्रास थांबल्यावरही कित्येक आठवडे धुमसत राहतो. कोणते औषध यांपैकी कशावर काम करते, हा या तुलनेतील कळीचा मुद्दा आहे.

साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. त्याआधीचे दम्याचे औषध आयसोप्रेनलिन फुप्फुसाइतकेच हृदयावरही काम करून त्याला पळवत असे. साल्ब्युटामॉल प्रामुख्याने स्नायूंवरील बीटा-२ ग्राहींवर (औषध जिथे चिकटून काम करते त्या जागांवर) काम करते, पाचेक मिनिटांत श्वास मोकळा करते आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो. दाहाला मात्र ते हातही लावत नाही. मोकळ्या झालेल्या श्वासामुळे आजार आटोक्यात आहे अशी रुग्णाची खात्री पटते, आणि दुखणे नेमके इथेच वाढते. साल्ब्युटामॉल रोज घेत राहिल्यास ग्राहींचा प्रतिसादही मंदावतो. दम्याच्या उपचारांचे जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेच्या अहवालानुसार वर्षाला २०० पफांचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर गंभीर झटक्यांची जोखीम वाढते, आणि बारा किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूची जोखीमही वाढते. महिन्याला एक पंप लागणारे रुग्ण आपल्या ओळखीतही सहज सापडतात.

‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने काही जण साल्ब्युटामॉलची गोळी मागून घेतात. पंपाच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीस पट. गोळी पोटातून रक्तात आणि तिथून सर्व शरीरात जाते. म्हणून ती उशिरा काम करते आणि हात थरथरणे, छाती धडधडणे हे तिचे नेहमीचे सोबती असतात. मला तरी या गोळीच्या बाजूने सांगण्यासारखे काही सापडत नाही.

आता जोड-पंप. फॉर्मोटेरॉलही बीटा-२ ग्राहींवरच काम करते, साल्ब्युटामॉलइतक्याच वेगाने श्वास मोकळा करते आणि सुमारे बारा तास टिकते. त्याच पफातून ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड श्वासनलिकेच्या अस्तरावर पोहोचते. परिणामी धाप लागली तेव्हा रुग्ण जो पफ घेतो, त्यातूनच दाहावरचा उपचारही होतो. ज्या आठवड्यात त्रास जास्त, त्या आठवड्यात स्टेरॉइडही आपोआप जास्त मिळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिग्मा-१ या अभ्यासात, फक्त गरजेपुरता असा जोड-पंप वापरणाऱ्यांमध्ये गंभीर झटके, साल्ब्युटामॉलच्याच जातकुळीतील टर्ब्युटालिन वापरणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष साल्ब्युटामॉलशी तुलना करणाऱ्या अभ्यासात एकूण झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि २०१९ मध्येच ‘जीना’ने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये अशी भूमिका घेतली. पन्नास वर्षे चाललेली पद्धत अशी एका अहवालात मागे घेतली जाणे विरळाच.

रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप न चुकता घेणाऱ्यांची दैनंदिन लक्षणे गरजेपुरता जोड-पंप घेणाऱ्यांपेक्षा काहीशी अधिक आटोक्यात राहतात, हेही त्याच अभ्यासांत दिसले. पण बरे वाटू लागल्यावर रोजचा पंप किती जण चालू ठेवतात? ज्यांना आपली शिस्त ठाऊक आहे त्यांनी रोजचा मार्ग जरूर विचारात घ्यावा. बाकीच्यांसाठी गरजेपुरता जोड-पंप अधिक वास्तव वाटतो.

स्टेरॉइड म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी नाके मुरडतात, म्हणून आकडे पाहिलेले बरे. सिग्मा-१ मध्ये गरजेपुरता पंप वापरणाऱ्यांना मिळालेले ब्युडेसोनाइड दिवसाला सुमारे ५७ मायक्रोग्रॅम होते, तर रोज नियमित घेणाऱ्यांना ३४० मायक्रोग्रॅम. याउलट एका गंभीर झटक्यासाठी दिले जाणारे तोंडी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमप्रमाणे पाच दिवस धरले तर २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन लाख मायक्रोग्रॅम होते. दोन्ही स्टेरॉइडांची ताकद वेगळी असल्याने ही तुलना केवळ वजनाची आहे, तरीही रक्तातून सर्व शरीरात फिरणारे स्टेरॉइड टाळायचे तर झटका टाळणे आले. पंप रोज घेणाऱ्यांना घसा बसणे किंवा तोंडात पांढरी बुरशी येणे हा त्रास होऊ शकतो, आणि पफानंतर चूळ भरून पाणी थुंकल्याने तो बराच कमी होतो.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. सालमेटेरॉल आणि फ्लुटिकासोन यांचा जोड-पंपही दुकानात सर्रास मिळतो, पण सालमेटेरॉलचा परिणाम सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. धाप लागल्यावर तो घेणे उपयोगाचे नाही. चिठ्ठीवर फॉर्मोटेरॉलच आहे ना आणि मात्रा कोणती, हे पाहून घ्यावे. गरजेपुरत्या वापराचे वरील अभ्यास एका पफात २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड आणि ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल या मात्रेवर झालेले आहेत.

मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राईनचा ग्राही अडवते. गोळी सोपी, दिवसातून एकदा, चवीची वा तंत्राची कटकट नाही. पण दम्यात ती श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडपेक्षा कमी प्रभावी ठरते आणि चालू झटक्यात तिचा उपयोग नाही. शिवाय मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला: चिडचिड, दुःस्वप्ने, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार. जोडीच्या लेव्होसेटिरिझिनने शिंका आणि नाकाची खाज थांबते. श्वासनलिकेच्या आवळण्यात हिस्टामाइनचा वाटा मर्यादित असल्याने त्यावर दम्याचा भार टाकता येत नाही. नाकाची ॲलर्जी आणि दमा दोन्ही असलेल्यांना ही गोळी पूरक म्हणून चालते, पंपाऐवजी नव्हे.

ल्युकोट्राईनचा विषय निघालाच आहे तर ॲस्पिरिनचेही बोलायला हवे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) अडवतात. संरक्षक प्रोस्टाग्लँडिन ई-२ घटते, ल्युकोट्राईन वाढतात आणि काही प्रौढांना, विशेषतः नाकात पॉलिप (अस्तराच्या मऊ गाठी) असलेल्यांना, तासा-दोन तासांत तीव्र झटका येतो. अशांना अंगदुखीवर साध्या मात्रेतील पॅरासिटामॉल सहसा चालते. तसेच अर्धशिशी टाळण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रानोलॉल बीटा ग्राही बंद करते, म्हणून अर्धशिशीच्या डॉक्टरांना दम्याची कल्पना दिलीच पाहिजे.

निवड कोणतीही असो, औषध फुप्फुसात पोहोचले पाहिजे. फवाऱ्याच्या पंपाला सावकाश, खोल श्वास आणि शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लागतो. कॅप्सूलमधील पावडर ओढायच्या रोटाहेलरला जोरदार, झटकन ओढलेला श्वास लागतो. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल बसवून बूड फिरवले की तिचे दोन भाग होतात. ओढून झाल्यावर आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढावे.

बारा वर्षांखालील मुलांचे निर्णय वेगळे असतात. तिथे वरील निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत. जोड-पंप परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर साल्ब्युटामॉलचे पफ घेताना प्रत्येक वेळी स्टेरॉइडचा वेगळा पंपही घेणे हा मान्य मार्ग आहे. रुग्णालयात तीव्र झटक्यावर आजही नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉलच देतात. घरी वरील मात्रेच्या जोड-पंपाचे दिवसाला जास्तीत जास्त बारा पफ चालतात; तेवढे लागायच्या आधीच, किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर आकडा मोजत न बसता, रुग्णालय गाठावे.