दादाच्या व्यसनमुक्ती केंद्राबद्दल: काय मिळालं, काय नाही

केंद्राचं नाव लिहीत नाही. दादा पुन्हा कामावर जायला लागलाय आणि आपलं आजारपण कुणाला सांगायचं हे त्याचं त्याने ठरवावं. पश्चिम उपनगरातलं, तीन महिने राहून उपचार घेण्याचं केंद्र आहे, एवढं पुरे. माझं मत चांगलं आहे. पण अशी जागा शोधताना घरच्यांना काय बघायचं तेच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वांद्र्यातलं फादर जो परेरांचं कृपा, पुण्यातलं अवचटांचं मुक्तांगण ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. एक १९८१ पासूनचं, दुसरं १९८६ पासूनचं. त्यापलीकडे मात्र इंटरनेटवर नुसता बाजार भरलाय. एका ठिकाणी आम्ही बघायला गेलो, तर दाखल झालेल्या सगळ्यांची डोकी भादरलेली. ऑफिसातला माणूस म्हणाला, "पत्ता द्या, रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील. महिनाभर भेट नाही, फोन नाही." वहिनी तिथूनच परत फिरली. नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि त्या कायद्याने जबरदस्तीने डोकं भादरायला आणि साखळीने बांधायला बंदी आहे. स्वखुशीने दाखल झालेला माणूस घरी जायला मागू शकतो, डॉक्टर फार तर २४ तास तपासणीसाठी थांबवू शकतात. केंद्राची नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडे आपला माणूस ठेवू नका.

आम्ही निवडलेल्या केंद्राने पहिल्याच फोनवर विचारलं, "शेवटची कधी घेतली? आधी कधी फिट आली होती का?" दादा सकाळी उठल्या उठल्या क्वार्टर लावायचा, नाहीतर चहाचा कप हातात धरवत नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं, आधी हॉस्पिटल, मग आमच्याकडे. म्हणून तो आधी केईएमला भरती झाला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं, हे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. त्याला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि कमी कमी करत न्यायच्या गोळ्या दिल्या. घरात कोंडून दारू सोडवणारे नातेवाईक आमच्या लालबागेत कमी नाहीत. त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका.

केंद्रात दाखल होताना बॅग आमच्यासमोर उघडली. आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर आणि आईने आठवणीने भरलेलं खोकल्याचं औषध बाजूला काढून परत दिलं, कारण तिन्हींत अल्कोहोल असू शकतं. मोबाइल जमा. कपडे मात्र घरचेच. सकाळी सहाला उठणं, योगा, मग ग्रुप, दुपारी डायरी, संध्याकाळी शेअरिंग. स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना. दादाने आयुष्यात पहिल्यांदा कांदा चिरला तो तिथे. दर रविवारी भेट आणि भेटीआधी घरच्यांचा वेगळा ग्रुप, तो चुकवला तर काउन्सेलर फोन करून विचारायच्या. वहिनी त्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. इतकी वर्षं ती दादाच्या साहेबांना "ताप आलाय" सांगत आली होती, हे मलाही तिथेच कळलं.

त्याच ग्रुपमध्ये एका काकूंनी लोकलच्या डब्यातल्या "न सांगता दारू सोडवा" जाहिरातीचा विषय काढला. त्या नवऱ्याच्या आमटीत पूड कालवत होत्या. डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत, शांतपणे समजावलं. अशा पुड्यांत काय असतं कुणाला ठाऊक नसतं. दारूची शिसारी आणणारी डायसल्फिरामची गोळी रुग्णाला नीट समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. नकळत दिली आणि वर तो प्यायला, तर ब्लडप्रेशर कोसळून जीव जाऊ शकतो.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटच्या पंधरवड्यातलं काम. काउन्सेलरनी दादाला मोठा कागद दिला आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगितला. बार कुठे, उधारीचं दुकान कुठे, कुठला मित्र कुठल्या कोपऱ्यावर उभा असतो, सगळं लाल पेनाने. मग पगाराची तारीख, लग्नसराई, गणपती. त्या कागदावरून ठरलं की दादा करी रोडऐवजी चिंचपोकळीला उतरणार, पगार वहिनीच्या खात्यात जमा होणार आणि विसर्जनाचा दिवस तो केंद्रातच काढणार. त्या दिवशी आणि ३१ डिसेंबरला जुने रुग्ण तिथे जमतातच. गर्द म्हणजे ब्राउन शुगर घेणाऱ्या मुलांना तर घरी सोडण्याआधी पुन्हा पुन्हा बजावतात की इतके दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, जुना डोस घेतला तर तो शेवटचा ठरू शकतो.

पैसे महिन्याला २२,००० आणि औषधं वेगळी. पावती मिळते. मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसीत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. आमच्यासारख्या घराला ही रक्कम जड आहे आणि केंद्रात सवलतीच्या जागा फार थोड्या आहेत, ही माझी पहिली तक्रार. दुसरी म्हणजे बायकांसाठी सोयच नाही. तिसरी तंबाखूची. गच्चीवर विडी चालते, त्यामुळे दादा दारू सोडून आला आणि दिवसाला दोन बंडलांवर गेला. मधेच काउन्सेलर बदलल्या, त्याचाही त्याला त्रास झाला.

घरी आल्यावर काही महिन्यांनी दादा एकदा प्यायला. आईने "सगळे पैसे पाण्यात" म्हणून डोक्याला हात लावला. केंद्रातून सांगितलं, "आज रागावू नका, उद्या सकाळी त्याला घेऊन या." पुन्हा भरतीचे पैसे मागितले नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या बदलल्या, आणि कागदावर न आलेली एक जागा लाल पेनाने वाढवली: साइटवरच्या मुकादमाची खोली. तीन महिन्यांत माणूस बरा होऊन येतो असं या केंद्राने आम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं, म्हणून तो दिवस आम्हाला निभावता आला.

सध्या तो दर गुरुवारी त्यांच्या फॉलो-अप ग्रुपला जातो, त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्ही केंद्र बघायला जाल तेव्हा असा ग्रुप आहे का आणि डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर, हे आधी विचारा. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे, आणि केईएम, नायर, सायन इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.