ऑटो की हाताने ओवायचा? 16 एमएम प्रोजेक्टर घेण्याआधी

जुना 16 एमएम प्रोजेक्टर घ्यायचं पक्कं झालं की गाडी एका प्रश्नावर अडते. फिल्म आपोआप ओवून घेणारं ऑटो मशीन घ्यायचं, की प्रत्येक वळण हाताने घालावं लागणारं साधं? ऑटो म्हटलं की बहुधा बेल अँड हॉवेल कंपनीचं ऑटोलोड समोर येतं, हाताने ओवायचं म्हटलं की आयकी कंपनीच्या मशीनसारखं. लेन्स, स्पीकर, दिवा यांच्या तुलनेत इथे शिरत नाही. 1600 फुटांचं रीळ दोन्हींवर चढतं आणि 44 मिनिटं चालतं. पडद्यावर चित्र पडल्यावर कोणतं मशीन चालू आहे हे प्रेक्षकाला कळतही नाही. फरक कळतो तो चित्र पडायचं थांबल्यावर.

आधी ऑटोची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. लीडरचं, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीच्या बिनचित्राच्या पट्टीचं, टोक मशीनवरच्या कातरीत नीट कापायचं, खटका दाबून मार्गदर्शक पट्ट्या बंद करायच्या, मोटर सुरू करून टोक वरच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकापाशी धरायचं. बाकी सगळं मशीन करतं. वरचा लूप (फिल्मचा सैल सोडलेला बाक), गेट (दिव्यासमोरची चौकट), खालचा लूप, साऊंड ड्रम (जिथे ध्वनिपट्टी वाचली जाते) असा प्रवास करून टोक मागून बाहेर येतं. ते टेक-अप, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळात अडकवून हलका हिसका दिला की पट्ट्या उघडतात. हा हिसका विसरला तर पट्ट्या फिल्मला घासत राहतात आणि चित्रावर उभे ओरखडे उमटतात. एवढं सांभाळलं तर अंधारात, घाईत, नवख्या माणसाकडूनही अर्ध्या मिनिटात रीळ सुरू होतं. शाळेत किंवा कॉलेजात दर वेळी वेगळा माणूस मशीनवर बसणार असेल, तर ही सोय लहान नाही.

मात्र या सगळ्यात गृहीत धरलेलं असतं की फिल्म सरळ, लवचिक आणि शाबूत आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या प्रिंट्स तशा क्वचितच असतात. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओल असते. अशा ओलसर, उबदार हवेत अॅसिटेट या प्लॅस्टिकची जुनी फिल्म हळूहळू आंबते. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, कडेने लहरते, ठिसूळ होते. तिचं वळलेलं टोक ऑटोच्या बंद मार्गात गेलं की बहुतेकदा खालच्या लूपपाशी अडतं. मागून येणारी फिल्म त्यावर कागदी पंख्यासारखी घडी घालत जाते. दोन सेकंदांत हातभर फिल्म चुरगळते, आणि आवाजावरून ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

माझ्या लेखी खरा निकाल लागतो तो पुढच्या एका गोष्टीवर. निम्मं रीळ झाल्यावर जुना जोड सुटला किंवा भोकं फाटली, तर ऑटोमधून फिल्म बाहेर काढणं जिवावर येतं. ती पट्ट्यांच्या मागे बंदिस्त असते. काही मॉडेलांत झाकणं काढून, लेन्स बाजूला करून ती सोडवता येते, नाहीतर उरलेलं रीळ पुढे पळवून संपवायचं किंवा फिल्म कापायची. कापून पुन्हा ओवायची म्हटली तर आता टोकाला लीडर नसतो, चित्राचाच झिजलेला भाग असतो. म्हणजे जी फिल्म आधीच दुखावली आहे, तीच पुन्हा त्या अंध बोळात ढकलायची. समोर तालमीच्या मंडळाची दोनशे माणसं बसलेली असताना हे काम शांतपणे होत नाही.

हाताने ओवायच्या मशीनवर हाच प्रसंग तीन मिनिटांचा. मोटर आणि दिवा बंद करायचा, गेट उघडायचं, स्प्रॉकेटवरच्या पकडी सोडायच्या आणि फिल्म उचलायची. तुटलेलं टोक चार-पाच फूट पुढे ओढून टेक-अप रिळावर दोन-तीन वेढे द्यायचे. तुटल्या जागी कागदाची चिठ्ठी ठेवायची, म्हणजे नंतर जोड घालताना ती जागा सापडते. टाचणी मात्र कधीच लावू नये.

ओवण्याचा क्रम एकदा हातात बसला की डोळे मिटून जमतो. भोकांची कड आपल्याकडे, ध्वनिपट्टी मशीनकडे. वरचं स्प्रॉकेट, वरचा लूप, गेट, खालचा लूप, साऊंड ड्रम, खालचं स्प्रॉकेट, टेक-अप. लूप मशीनवर काढलेल्या खुणेइतकाच ठेवायचा. मग दिवा न लावता मशीनवरची मूठ हाताने दोन-तीन फेरे फिरवायची. गेटमध्ये फिल्म खाली ओढणारा पंजा भोकात अलगद शिरला पाहिजे आणि दोन्ही लूप कमी-जास्त न होता जागच्या जागी धडधडले पाहिजेत. चालू खेळात चित्र उभं थरथरून फरकटलं आणि गेटमधून तडतड आली, तर लूप गेला असं समजावं. खालचा लूप चुकीच्या मापाचा असेल तर चित्र स्वच्छ दिसतं, पण ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कारण ध्वनी चित्राच्या 26 चौकटी पुढे छापलेला असतो आणि ते अंतर हा लूपच राखतो. ऑटोमध्ये हे माप मशीन ठरवतं. ते बरोबर असतं तोवर सुख, बिघडलं की आत हात घालायला जागा नाही.

यंत्राच्या पोटातला फरकही पाहून ठेवावा. बेल अँड हॉवेलच्या नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत शटरच्या (प्रकाश अडवणाऱ्या फिरत्या पात्याच्या) दांड्यावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, प्लॅस्टिकचा आहे. धातूवर घट्ट बसवलेलं हे प्लॅस्टिक वर्षं जातील तसं आकसून तडकतं. तडकलेला वर्म तसाच फिरवला तर शेजारच्या गिअरांचे दात जातात. म्हणून कित्येक वर्षं पडून असलेलं मशीन वीज देण्याआधी हाताने फिरवावं आणि मागचं झाकण काढून टॉर्चने वर्मवर चीर दिसते का ते पाहावं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात चांगला टर्नर पितळी वर्म करून देऊ शकतो, पण नमुना शाबूत हवा, तुकड्यांवरून आटे मोजता येत नाहीत. बसवल्यावर शटरची वेळ जुळवावी लागते. ती चुकली तर पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात. दुसऱ्या बाजूला, आयकीसारख्या मशीनांत, रबरी पट्ट्यांचं दुखणं आहे. त्या सैल पडतात किंवा डांबरासारख्या वितळून पुलीला चिकटतात. मोटर फिरते पण टेक-अप ओढत नाही आणि फिल्म जमिनीवर साचते. पुली स्पिरिटने पुसून मापाची पट्टी घातली की काम भागतं. दोन दुखण्यांत मला दुसरं परवडतं.

आवाजाच्या तक्रारी दोन्हींत सारख्याच. आवाज अजिबात नसेल तर एक्सायटर दिवा, म्हणजे ध्वनिपट्टीवर प्रकाश टाकणारा छोटा दिवा, आधी पाहा. तो जळत असेल तर त्याच्या प्रकाशासमोर एक कार्ड हलवा. स्पीकरमध्ये टकटक आली तर अॅम्प्लिफायर ठीक आहे, दोष भिंगावरच्या धुळीत किंवा ड्रमवर सैल बसलेल्या फिल्ममध्ये शोधा.

अमेरिकेतून आलेलं मशीन असेल तर 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. मोटर 60 हर्ट्झची असेल तर आपल्या 50 हर्ट्झवर 24 ऐवजी 20 चौकटी पडतात, आवाज जाड होतो आणि 44 मिनिटांचं रीळ 53 मिनिटं चालतं. त्यासाठी पुली बदलावी लागते. तपासायला 36 फूट फिल्म मोजून खूण करा, ती बरोबर एका मिनिटात गेली पाहिजे.

तुमच्याकडे चांगल्या, सरळ प्रिंट्स असतील आणि मशीन अनेकांच्या हातात जाणार असेल, तर ऑटो घेण्यात चूक आहे असं म्हणवत नाही. जुन्या जोडांच्या, वास मारणाऱ्या प्रिंट्स दाखवायच्या असतील तर मात्र माझा कल हाताने ओवायच्या मशीनकडे आहे. विकणाऱ्याकडे जाताना स्वतःची एखादी टाकाऊ फिल्म न्या. ती पाच मिनिटं चालवायला लावा, मध्येच थांबवा आणि न कापता बाहेर काढून द्यायला सांगा.