प्रायश्चित्तकाळाचा मुलांचा तक्ता: घ्यावा, पण जपून

प्रायश्चित्तकाळ म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवास-प्रार्थनेचा काळ (लेंट). त्यात दिवसागणिक चौकोन भरत जायचा हा तक्ता पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चांगला आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून कपाळाला लावायची राख करतात, ते चित्र तर फारच छान. घोळ आहे तो 40 चौकोनांत. राखेच्या बुधवारपासून (या काळाचा पहिला दिवस) पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) 46 दिवस होतात; सहा रविवार वगळून 40. रोज एक चौकोन भरला तर झावळ्यांच्या रविवारीच तक्ता संपतो आणि ईस्टरला आठवडा उरतो! म्हणून रविवारी सुट्टी द्या. कागद गुळगुळीत, खडू बसत नाही, टिकल्या चिकटवा. ‘आज जेवू नकोस’ हा चौकोन खोडाच: कॅथलिक नियमात उपवास 18 वर्षांपासून. ‘भांडलास त्याची माफी माग’ मात्र मुलांना लगेच कळतं.