स्विचबोर्ड साडेचार फुटांवर की साडेतीन?

सांगितलं नाही तर इलेक्ट्रिशियन सवयीने साडेचार फुटांची खूण मारतो. उभ्याने बटण दाबणाऱ्याला ते सोयीचं. बुटकी कपाटं, पलंगाची डोकी बोर्डाच्या आड येत नाहीत, लहान मुलाचा हात सहज पोचत नाही. पण व्हीलचेअरवर बसणाऱ्याला किंवा खांदा आखडलेल्या आजींना रोज हात खांद्याच्या वर न्यावा लागतो.

साडेतीन फुटांवर बसून आणि उभ्याने, दोन्ही चालतं. लहान मुलांची भीती असेल तर शटरचं सॉकेट (प्लग घातल्याशिवाय भोकं बंद राहतात ते) घ्या; तेवढ्यासाठी बोर्ड वर चढवण्यात अर्थ नाही. फर्निचरची जागा मात्र आधी ठरवा. कोपऱ्यापासून किमान दीड फूट सोडा, नाहीतर व्हीलचेअरची चाकं भिंतीला अडतात आणि हात पोचत नाही.

नव्या घरात दोन्हींचा खर्च सारखाच. घोळ होतो मापात: झिरी मारताना, म्हणजे वायरीसाठी भिंतीत खाच पाडताना, फरशी बसलेली नसते. मसाला आणि टाइल मिळून दोन-तीन इंच चढतात आणि बोर्ड तेवढाच खाली दिसतो. म्हणून माप तयार फरशीच्या लेव्हलपासूनच धरा.

जुन्या घरात बोर्ड फूटभर खाली आणायचा तर वरून येणाऱ्या वायरी आखूड पडतात. जोड मारून त्यावर प्लास्टर करू देऊ नका. सैल जोड तापतो आणि सापडतही नाही. जंक्शन बॉक्सपासून (वायरी जोडलेल्या असतात त्या डबीपासून) नवी वायर ओढा.

स्वयंपाकघरात निव्वळ उंचीने भागत नाही. दोन फूट खोल ओट्यामागचा बोर्ड बसलेल्याला दूरच; मिक्सरचा पॉइंट बाजूच्या भिंतीवर, ओट्याच्या पुढच्या कडेजवळ घ्या, सिंकपासून लांब.