पीएचक्यू-९ की कोलंबिया?

कामठी छावणीतला जवान असो वा नागपुरातला माजी सैनिक, ओपीडीत तक्रार सांगतो पाठदुखीची, झोपेची. मनातलं विचारायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. तेवढ्यात कोणता तक्ता वापरायचा: नैराश्य मोजणारा पीएचक्यू-९ की आत्महत्येचा धोका जोखणारा कोलंबिया?

पीएचक्यू-९ रुग्ण स्वतः भरतो. मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. गडबड बेरजेत होते. एकूण ६, म्हणजे कमीच, आले की कागद फायलीत जातो, पण नवव्या प्रश्नावर १ असला तरी थांबून बोलायलाच हवं. हा प्रश्न ‘मेलेलं बरं’ आणि ‘स्वतःला इजा करावी’ हे दोन्ही एकाच खुणेत गुंडाळतो, म्हणून धोका किती ते त्यावरून कळत नाही.

कोलंबियाचा छोटा तक्ता समोर बसून विचारतात. पहिले दोन प्रश्न मागच्या महिन्यातले: मरावंसं वाटलं का, जीव देण्याचा विचार आला का. दुसऱ्याला ‘नाही’ तर थेट सहावा, म्हणजे प्रयत्न किंवा तयारी. ‘हो’ तर मधले तिन्ही: तिसरा कसं करायचं याच्या विचाराचा, चौथा इराद्याचा, पाचवा ठरवलेल्या बेताचा. चौथ्या-पाचव्याला ‘हो’, किंवा ३ महिन्यांतली कृती असेल तर एकटं सोडू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

आमच्या मते सगळ्यांना पीएचक्यू, नववा शून्याहून जास्त आला की लगेच कोलंबिया. मात्र मेडिकल कॅटेगरी, म्हणजे लष्करातली तंदुरुस्तीची श्रेणी, घसरेल या धास्तीने कागदावर सगळीकडे शून्य पडतं. म्हणून सोबत आलेल्याला बाहेर बसवा. शिवाय शस्त्र हाताशी आहे का, हे दोन्ही तक्ते विचारत नाहीत. ते वेगळं विचारा. घरी जाणाऱ्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.