पिकॅन पायसाठी उसाचा पाक : ‘स्टीन्स’च्या पिवळ्या डब्याचे परीक्षण

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणानंतर जे गोड पदार्थ पानात येतात, त्यांत पिकॅन पायचा मान मोठा आहे; टेक्सासने तर २०१३ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत पाय म्हणून मान्यता दिली. मैद्याची खुसखुशीत पारी, तिच्यात अंडी, लोणी, साखर आणि पाक यांचे सारण आणि वर भाजलेल्या पिकॅनचा, म्हणजे अक्रोडासारख्या एका सुक्या फळाचा, थर, एवढाच हा पदार्थ आहे आणि घरी करण्यास तो मुळीच अवघड नाही. घटक इतके मोजके असल्यामुळे त्यांतील पाक कोणता वापरला यावर पायची चव बहुतांशी ठरते. बहुतेक घरांत मक्याचा पाक, म्हणजे कॉर्न सिरप, वापरला जातो. त्याऐवजी लुइझियानातील ॲबव्हिल या गावचा ‘स्टीन्स’ कंपनीचा उसाचा पाक वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे येथे मांडत आहे.

ही कंपनी १९१० पासून हा पाक बनवते. उसाचा रस उघड्या कढईत आटवत न्यायचा आणि तो दाट, तपकिरी झाला की थांबायचे, ही त्याची रीत. त्यातून साखर काढून घेतली जात नाही आणि वरून काही मिसळलेही जात नाही. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीशी त्याची गल्लत करू नये, कारण मळी कडवट असते आणि या पाकात उसाचा गोडवा पुरता शिल्लक असतो. ज्यांनी कोल्हापूर किंवा सांगलीकडील गुऱ्हाळावर ताजी काकवी चाखली आहे, त्यांना हा डबा उघडताच ओळख पटेल. रंग काकवीपेक्षा थोडा गडद आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा हलका करपूस स्वाद अधिक, पण जात तीच.

कॉर्न सिरपची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. ‘कारो’ हा तेथील सर्वांत परिचित कॉर्न सिरप १९०२ मध्ये बाजारात आला आणि १९३० च्या दशकापासून त्याच्या उत्पादकांनी पिकॅन पायच्या कृतीचा एवढा प्रसार केला, की आज अनेक कुटुंबे तीच कृती मूळची मानतात. प्रत्यक्षात पिकॅन पायच्या कृती १९ व्या शतकाच्या अखेरीस छापल्या जात होत्या आणि त्यांतील काही तर दुधाच्या कस्टर्डच्या होत्या. मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या पाकात ग्लुकोज आणि त्याच्या लांब साखळ्या असतात. त्यांच्यामुळे साखरेचे खडे बनत नाहीत आणि सारण काचेसारखे पारदर्शक, चकचकीत होते. हा गुण खरा आहे आणि दिसण्याच्या बाबतीत उसाचा पाक तेथे मागेच राहतो. परंतु मक्याच्या पाकाला स्वतःची चव फारशी नसते, त्यामुळे पाय गोड होतो आणि त्या गोडव्याच्या आत आणखी काही सापडत नाही.

उसाच्या पाकाने हे चित्र पालटते. २३ सेंटिमीटरच्या पाय डिशसाठी २४० मिलिलिटर पाक, ३ अंडी, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ६० ग्रॅम वितळवलेले लोणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा व्हॅनिला आणि २०० ग्रॅम पिकॅन हे प्रमाण मला योग्य वाटते. कॉर्न सिरपच्या कृतींत साखर याच्या दुपटीपर्यंत असते. पाकालाच दाट चव असल्यामुळे येथे ती कमी केली तरी काही उणे वाटत नाही. मीठ मात्र कमी करू नये, कारण करपूस स्वाद त्यामुळेच उठून दिसतो. पारीसाठी १७५ ग्रॅम मैद्यात ११५ ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे, लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक असतानाच बर्फाचे पाणी चमच्याचमच्याने घालून गोळा बांधावा आणि तो तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. हे तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातील पाण्याची वाफ होते आणि त्यामुळेच पापुद्रे सुटतात. गोळा कणकेसारखा मळला, तर तसे होत नाही. लाटलेली पारी डिशमध्ये बसवावी, तिच्यावर बेकिंग पेपर अंथरून त्यात कोरडा राजमा भरावा आणि आधी तशीच भाजून घ्यावी. ही पायरी गाळल्यास पातळ सारण तळाशी मुरते आणि पारी गिचका होते.

सारणाचे वागणे या पाकामुळे थोडे बदलते, म्हणून भाजताना लक्ष द्यावे लागते. पिकॅन आधी घातले तरी हलके असल्यामुळे ते आपोआप वर येतात, त्यामुळे ते रचत बसण्याची गरज नाही. १७५ अंश सेल्सिअसवर साधारण ५० मिनिटे लागतात. परंतु मूळ रंगच गडद असल्यामुळे रंगावरून अंदाज घेणे येथे फसवे ठरते. कडा फुगून स्थिर झाल्या आणि मधला भाग जेलीसारखा किंचित हलत असला, की पाय बाहेर काढावा. थर्मामीटर असेल, तर मध्यभागी ९३ अंश ही खूण विश्वासाची आहे. त्यापुढे अंड्यातील प्रथिने आवळत जातात आणि सारण फाटते. कापण्यापूर्वी निदान तीन-चार तास निवू द्यावे, कारण सारण घट्ट होण्याचे काम ओव्हनबाहेरही चालू असते.

चवीविषयी बोलायचे, तर पहिल्या घासात गुळाची आठवण येते, मग लोणी आणि पिकॅन यांची स्निग्धता जाणवते आणि शेवटी पाकाचा किंचित तुरट, धुरकट असा स्वाद उरतो. हा पाय मोठा तुकडा खाऊनही गळ्याशी येत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्यांना गुळाचा उग्रपणा मुळातच आवडत नाही, त्यांनी मात्र अर्धा उसाचा आणि अर्धा मक्याचा पाक घ्यावा. त्यात चकाकीही बरीच टिकते. किंमत कॉर्न सिरपपेक्षा जास्त आहे. वर्षातून काही वेळाच करायच्या पदार्थासाठी ती मला अवाजवी वाटत नाही.

ऊस आणि पिकॅन यांची ही जोडी लुइझियानाच्या मातीत आधीपासून आहे आणि तिचा इतिहास सुखाचा नाही. मिसिसिपीच्या काठी सेंट जेम्स परगण्यात ओक ॲली नावाचा उसाचा मोठा मळा होता आणि तेथे गुलाम माणसांकडून राबवून घेतले जाई. त्याच मळ्यावरील आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४० च्या दशकात पातळ टरफलाच्या पिकॅनची कलमे दुसऱ्या झाडांवर बांधण्यात यश मिळवले. तोपर्यंत बी पेरून वाढवलेल्या झाडांची फळे कशी निघतील याचा भरवसा नसे. या कलमांमुळे एकसारख्या पिकॅनच्या बागा लावणे शक्य झाले. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात या पिकॅनचा गौरव झाला आणि त्या जातीला ‘सेंटेनियल’ हे नाव मिळाले. आंत्वानचे आडनावही नोंदींत नाही. पिकॅन पाय खाणाऱ्या प्रत्येकाला त्याचे नाव ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पिकॅन विकत घेताना ताजेपणा पाहणे पाकाइतकेच महत्त्वाचे आहे. या फळात सुमारे ७० टक्के स्निग्धांश असल्यामुळे उबदार जागी ते लवकर खवट होते आणि एक खवट मूठ पूर्ण पाय बिघडवते. एका दुकानातून सुट्या भावाने घेतलेले पिकॅन मला परत करावे लागले होते. तेव्हापासून चव पाहिल्याशिवाय मी ते घेत नाही. कापणी शरद ऋतूत होते, त्या सुमारास घेऊन हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवल्यास ते वर्षभर चांगले राहतात.

महाराष्ट्रातील वाचकांनी हा डबा परदेशातून मागवण्याची मुळीच गरज नाही. चांगली काकवी त्याच मापाने घालावी, मात्र ती पातळ असेल, तर मंद आचेवर थोडी आटवून, पूर्ण निववून मगच अंड्यांत मिसळावी. बाटलीच्या तळाशी साखरेचे कण बसले असतील, तर बाटली गरम पाण्यात ठेवून ते विरघळवून घ्यावेत, नाहीतर सारण रवाळ होते. पिकॅनऐवजी काश्मिरी अक्रोड घ्यावेत; त्यांच्या सालीचा कडवटपणा काकवीला शोभतो, पण ते आधी दहा मिनिटे भाजून चोळून घेतले, तर अधिक बरे. अंडी वगळून हे सारण याच पद्धतीने घट्ट होत नाही, हे शाकाहारी कुटुंबांनी लक्षात घ्यावे. एका पायसाठी एक पेलाभरच पाक लागतो; उरलेला स्टीन्स आमच्याकडे घावनांबरोबर संपतो, आणि भाकरीवर तूप घालून त्यासोबतही तो उत्तम लागतो.