हलकी बंदूक की मऊ धक्का? पक्ष्यांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक निवडताना

कोल्हापुरात पक्ष्यांवर बंदूक उचलायचा विषयच नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि संस्थानच्या काळातलं दाजीपूरचं शिकारीचं रान आज राधानगरी अभयारण्यात मोडतं. पण इथली पोरं अमेरिकेत, साउथ डाकोटाकडं स्थिरावली की ऑक्टोबरात फेझंटच्या, म्हणजे कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या, शिकारीची बोलावणी येतात. मग फोनवर एकच प्रश्न असतो: "काका, हलकी आणि धक्का न देणारी कुठली घेऊ?"

अडचण अशी, की या दोन मागण्यांचं आपसात जमत नाही. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन उतरवलं की खांद्याला जास्त बसतं.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपणच भरून घेणारी बंदूक, आणि ती दोन तऱ्हांनी चालते. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत, म्हणजे बेरेटा ए४०० सारख्या, बार उडाल्यावर नळीतला थोडा वायू दट्ट्याला ढकलतो आणि त्यावर पुढचं काडतूस भरलं जातं. धक्का जरा लांबवर पसरतो. कुस्तीत कुणी रेटावं तसा लागतो, फटका बसत नाही. बदल्यात काजळी धरते. दट्ट्या पुसायचा कंटाळा असेल तर ही घेऊ नका.

बेनेली आणि फ्रँकी या कंपन्यांच्या बंदुका इनर्शियावर, म्हणजे जडत्वावर, चालतात. बंदूक मागं सरते, बोल्ट (काडतुसामागचा सरकता अडसर) क्षणभर जागेवर राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढचं काम करते. भाग कमी, घाण कमी, वजनही कमी: बेनेलीची अल्ट्रा लाइट बारा बोअरमध्येही पावणेतीन किलोच्या आसपास आहे. (बोअर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा तेवढी नळी बारीक.) दिवसभर गवतातून चालताना हे सुख मोठं. पण तिला जड काडतूस घातलं की खांदा बोलायला लागतो. शिवाय बोल्ट हळूच, आवाज न करता सोडला तर तो नीट बसत नाही. पक्षी उडतो आणि बंदूक नुसती 'टिक' करते. बोल्ट पूर्ण ओढून सोडायची सवय लावावी लागते.

माझं मत विचाराल तर वीस बोअरची गॅसवाली. वजन तीन किलोच्या आत राहतं. साध्या काडतुसात छर्रे साधारण २५ ग्रॅम. बारा बोअरच्या फेझंटच्या काडतुसात ३२ ते ३५. तिथंच अर्धा धक्का कमी झाल्यासारखा वाटतो. लांबच्या, वाऱ्यावर निघालेल्या पक्ष्याला ती कमी पडते, हे मान्य. पण नवख्यानं तो बार टाकूच नये. दस्ता मात्र खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लांब दस्ता हलक्या बंदुकीलाही त्रासदायक करतो.

घरात आधीच बारा बोअर असेल तर एक सांभाळा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून मध्येच अडकतं आणि मागून दुसरं भरून बार काढला की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी ठेवतात ती त्याचसाठी. दोन्ही एका खिशात कधीच नकोत.